बर्फाची सुटी आणि उन्हाची सुटी

काश्मीरच्या खोऱ्यात डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास 'चिल्लई कलान' नावाचा काळ सुरू होतो. तो चाळीस दिवस टिकतो. या दिवसांत श्रीनगरचे रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली उतरते, नळातील पाणी गोठते, दल सरोवराच्या काठाशी बर्फाचा पातळ थर धरतो आणि माणसे अंगात लांब 'फेरन' घालून, त्याच्या आत निखाऱ्यांची 'कांगडी' धरून बसतात. अशा वेळी दप्तर पाठीला लावून शाळेत चला, असे तेथील मुलांना कोणी सांगत नाही. खोऱ्यातील शाळा साधारणतः डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतात. लहान मुलांची सुटी आधी सुरू होते, मोठ्यांची मागाहून. शेजारच्या हिमाचल प्रदेशात तर शाळांचे सरळसरळ दोन वर्ग आहेत. खालच्या उष्ण भागातील शाळांना मोठी सुटी उन्हाळ्यात मिळते. उंचावरील बर्फाळ भागातील शाळांना ती हिवाळ्यात मिळते. राज्य एकच, पण सुटी मात्र ज्या त्या डोंगराच्या मानाने!

नागपुरात बर्फ पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तेथे पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि नागपूरच्या मानाने ती फारच कडक थंडी होती. परंतु अशी थंडी चार-दोन दिवसांची पाहुणी. स्वेटर आणि कानटोपी चढविली की तिचा बंदोबस्त होतो. म्हणून थंडीसाठी शाळा बंद ठेवाव्यात काय, हा प्रश्न नागपूरच्या मुलाला परका वाटेल. पण श्रीनगरच्या मुलाला जे बर्फ, तेच नागपूरच्या मुलाला ऊन होय. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. ही नोंद सावलीतील आहे, हे येथे लक्षात ठेवावे. हवामान खात्याचा तापमापक उन्हात टांगलेला नसतो. जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, चारी बाजूंनी झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत तो ठेवलेला असतो. सूर्यकिरण त्यावर थेट पडत नाहीत, वारा मात्र खेळता राहतो. डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालणाऱ्या मुलाच्या तळपायाला जे सोसावे लागते, ते त्या पेटीतील आकड्याहून कितीतरी अधिक असते.

नागपूर इतके का तापते? मुंबईचे मे महिन्यातील कमाल तापमान सामान्यतः ३३-३४ अंशांच्या आसपास राहते, तर नागपूरचे ४२-४३ अंशांच्या घरात असते. दोन्ही शहरे एकाच राज्यातील, अक्षांशांतही दोन-अडीच अंशांचाच फरक. खरा फरक आहे तो समुद्राचा. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे किनाऱ्यावरील गावांना समुद्राचा वारा दुपारी थोडा तरी गारवा आणून देतो. नागपूर हे भारताच्या ऐन मध्यभागी, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर वसलेले शहर आहे. तेथे येणारा वारा तापलेल्या कोरड्या जमिनीवरून येतो, आणि तोच पुढे झळा होऊन अंगावर येतो.

दुसरे कारण आकाशात आहे. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. नागपुरात तो २६ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, माथ्यावर येतो. त्या क्षणी सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच लपते. जुलैच्या मध्यानंतर तो पुन्हा एकदा माथ्यावर येतो. परंतु तोवर आकाश ढगांनी भरलेले असते आणि जमीन भिजलेली असते, म्हणून त्याचा ताप जाणवत नाही. मे महिन्यात मात्र ढग नाहीत, जमिनीत ओल नाही, आणि पाऊस येण्यास अजून पंधरा-वीस दिवस अवकाश असतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात 'नवतपा' म्हणतात. २५ मेच्या आसपास तो सुरू होतो. पंचांग पाहणाऱ्या आजीने सांगितलेले हे दिवस आणि काठीच्या सावलीने सांगितलेला दिवस यांची अशी गाठ पडते. यात चमत्कार काही नाही. दोघांनीही सूर्याकडेच पाहिले आहे.

आता शरीराकडे वळू. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असली म्हणजे शरीरातील जादा उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच ४४ अंश झाली तर उष्णतेचा प्रवाह उलटा वाहू लागतो; हवा आपल्याला थंड करण्याऐवजी तापवू लागते. मग शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होते. एक लिटर घाम वाळताना शरीरातून जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्या उष्णतेत साधारण सात लिटर पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. रांजणातील पाणी गार होते तेही याच न्यायाने, आणि वाळ्याचे पडदे किंवा नागपूरच्या घराघरांतील कूलर चालतो तोही याच न्यायाने. कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम साधते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तेथे कूलरचा फारसा उपयोग होत नाही.

या कोरडेपणातच एक धोका लपलेला आहे. नागपुरात घाम येताक्षणी वाळून जातो. अंगरखा ओला होत नाही, म्हणून आपल्या शरीरातून किती पाणी गेले हे मुलाच्या ध्यानातच येत नाही. तहान लागेपर्यंत शरीर बरेच पाणी गमावून बसलेले असते. त्यातून लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभागाचे. म्हणजे उष्ण हवेतून उष्णता शोषून घेण्यास त्याचे दार मोठे. शिवाय मुलांना घाम मोठ्या माणसांपेक्षा कमी येतो. पाणी संपले आणि घाम थांबला की शरीराचे तापमान चढू लागते. ते ४० अंशांच्या वर जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात पोचवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी समजूत विदर्भात सर्वत्र आहे. कांदा ठेवण्यास हरकत नाही, पण त्याच खिशाशेजारी पाण्याची बाटलीही असावी. कैरीचे पन्हे या कामी खरोखर उपयोगी आहे, कारण त्यातून पाणी, मीठ आणि साखर ही तिन्ही पोटात जातात.

इतके ऊन असेल तर शाळा बंद ठेवावी हे उघडच नाही काय? महाराष्ट्रात फार वर्षांपासून ते मान्यही झाले आहे. राज्यातील इतर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा विदर्भातील शाळा आणखी काही दिवस बंद राहतात. २०२३ साली राज्यात इतरत्र १५ जूनला घंटा वाजली, विदर्भात ३० जूनला. २०२४ साली विदर्भातील शाळा १ जुलैला उघडल्या. उशिरा उघडण्याचे कारण उघड आहे. नागपुरात मोसमी पाऊस सरासरीने जूनच्या मध्यानंतर येतो, आणि तो लांबला की जूनमध्येही मे महिन्यासारखेच ऊन पडते.

यात राज्यकर्त्यांच्या सोयीचा एक गंमतीदार भागही आहे. इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. पण उन्हाळा लागला की सरकारी कारभार सातपुड्यातील पंचमढीला हलत असे. पुढे २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरविण्याचे ठरले. ते अधिवेशन सामान्यतः डिसेंबरात भरते. नागपूरची हवा तेव्हा मोठी आल्हाददायक असते, संत्रीही बाजारात आलेली असतात. नवतप्यात अधिवेशन भरविण्याची सूचना कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

असे असता २०२५ साली वाद उपस्थित झाला. त्या वर्षी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांसाठी सबंध राज्याचे एकच वेळापत्रक काढले आणि परीक्षा ८ ते २५ एप्रिलपर्यंत चालतील असे ठरविले. त्यापूर्वी बहुतेक शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपत आणि उरलेले दिवस मुले नावापुरती शाळेत येत. वर्ष संपेपर्यंत शिकविणे चालावे हा त्या वेळापत्रकाचा हेतू होता, आणि तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु विदर्भातील शिक्षकांनी आणि पालकांनी हरकत घेतली. एप्रिलच्या उत्तरार्धात अकोला, चंद्रपूर, नागपूर येथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्या उन्हात लहान मुलांनी पेपर द्यावयास यावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. राज्याने शाळेच्या वेळाही बदलल्या. प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिक शाळा ७ ते ११.४५ भरतील, असे ठरले. पुढे जूनमध्ये राज्यातील इतर शाळा १६ तारखेला आणि विदर्भातील २३ तारखेला उघडल्या. म्हणजे वसंताच्या शेवटी परीक्षा लांबली आणि जूनमधली सुटीही अगोदरच्या वर्षांहून आखडली.

सकाळची शाळा हा उपाय जुना आहे आणि शहाणपणाचाही आहे. सूर्य माथ्यावर बाराच्या सुमारास येत असला, तरी हवा सर्वांत अधिक तापते ती दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. कारण जमीन आधी तापते आणि मग ती हवेला तापविते. पहाटे मात्र रात्रभर निवलेली हवा असते. सात वाजता शाळा भरली तर निम्मे काम गारव्यात होते. पण शाळा सुटण्याची वेळ पाहा. पावणेबाराला सुटलेला मुलगा तीन किलोमीटर चालत खेड्यातील घरी निघाला, तर तो ऐन माध्यान्ही रस्त्यावर असतो. शहरातील मुलापाशी रिक्षा किंवा बस असते. त्याच्यापाशी डोक्यावरचा दुपट्टा असतो. वेळापत्रक आखणाऱ्याने घंटेच्या वेळेबरोबर घरी पोचण्याची वेळही मांडून पाहिली पाहिजे.

तर मग उन्हाळा कडक झाला की शाळाच बंद करावी, असे म्हणून मोकळे व्हावे काय? येथे जरा थांबले पाहिजे. शाळा बंद झाली म्हणजे मूल गारव्यात गेले असे होत नाही. ज्याच्या घरी कूलर आहे, त्याला सुटी म्हणजे आंब्यांचा आणि झोपेचा हंगाम. पण ज्याचे घर एका खोलीचे आणि छप्पर टिनाचे आहे, त्याचे काय? दुपारी टिनाखालची हवा बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक तापते. उंच छताची, कवेलूची किंवा पक्क्या स्लॅबची, कडुनिंबांच्या सावलीतील शाळा त्याच्या घरापेक्षा कितीतरी थंड असू शकते. त्याचे आईवडील कामावर गेलेले असतात. मग ते मूल दिवसभर उन्हातच हिंडते, किंवा आईबापांबरोबर कामावर जाते.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाळेत दुपारचे शिजविलेले अन्न मिळते, आणि अनेक मुलांच्या दृष्टीने ते दिवसातील सर्वांत भरवशाचे जेवण असते. शाळा बंद म्हणजे ते ताट बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही हे जेवण चालू ठेवावे असा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होते. सुटी ही सर्वांना सारखीच गोड नसते, हे न्यायालयाच्या कागदावर आले ते त्यामुळे.

तिसरी गोष्ट दिवसांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. सहावी ते आठवीला वर्षात किमान १००० तास शिकविणे झाले पाहिजे. उन्हासाठी दहा दिवस गेले, अतिवृष्टीसाठी चार गेले, निवडणुकीसाठी शाळेची इमारत दोन दिवस गेली, तर ते दिवस कोठून तरी भरून काढावेच लागतात. नागपूरला पावसाचाही अनुभव आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले आणि त्या दिवशी शाळांना सुटी द्यावी लागली. अशा दिवशी कोणी दिवसांचा हिशेब मांडत बसत नाही, आणि मांडूही नये. पूर, वादळ यांची सुटी जिल्हाधिकारी त्या त्या दिवशी देऊ शकतात. ऊन मात्र पुरासारखे एका रात्रीत येत नाही. ते दरवर्षी येते, त्याच महिन्यांत येते, आणि त्याची वर्दीही आधी मिळते. म्हणून उन्हाची सुटी आयत्या वेळी जाहीर करण्याऐवजी वर्षाच्या आखणीतच बसविणे अधिक योग्य.

त्यासाठी आकडे मात्र खरे हवेत. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर एकच खळबळ उडाली. जगातील सर्वाधिक मानली गेलेली नोंद ५६.७ अंशांची, अमेरिकेतील डेथ व्हॅली या वाळवंटी दरीत १९१३ साली झालेली; तिच्याजवळ नागपूर एका दुपारी जाऊन पोचले! हवामान खात्याने तपास केला तेव्हा यंत्रातील संवेदक बिघडलेला आढळला.  उष्णतेची लाट म्हणजे काय, याची खात्याची व्याख्या ठरलेली आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते त्या ठिकाणच्या नेहमीच्या तापमानाहून साडेचार अंशांनी किंवा अधिक चढलेले असावे. किंवा पारा सरळ ४५ अंशांवर जावा. हे एकाच केंद्रावर, एकाच दिवशी होऊन भागत नाही. निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस तसे व्हावे लागते. बिघडलेल्या एका यंत्राच्या शब्दावर सुटी देता येत नाही, ती यामुळेच.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्यापूर्वीच करावयाच्या कामांची एक योजना आखली, आणि २०१६ साली नागपूरनेही तशी योजना हाती घेतली. त्यात लोकांना आधी सूचना देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, पाणपोया घालणे अशा कामांचा समावेश असतो. शाळांपुरते पाहिले तर खर्चाचे काम फारसे नाही. छताला चुन्याचा पांढरा हात दिला तर वर्ग काही अंशांनी थंड होतो. पाणी पिण्यासाठी तासातासाला घंटा वाजविता येते. मैदानावरील खेळाचा तास पहिला घेता येतो. अंगणात कडुनिंब लावला, तर दहा वर्षांनी त्याखाली वर्ग भरू शकतो. मात्र दहा वर्षे त्याला मे महिन्यात पाणी घालावे लागते, आणि नेमकी तेव्हा शाळेला सुटी असते. बहुतेक शाळांतील रोपे का जगत नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

सबंध राज्याला एकच वेळापत्रक हवे, हा आग्रह मात्र भूगोलाला मानवणारा नाही. सावंतवाडीची मुले जुलैत ओढे ओलांडून शाळेत जातात. नागपूरची मुले तेव्हा सुखाने शिकत असतात. केरळात सुटी एप्रिल-मेऐवजी पावसाच्या जून-जुलैत द्यावी काय, याची चर्चा तेथील सरकारनेच २०२५ साली सुरू केली. हिमाचलने डोंगर पाहून सुटी दिली, त्यामुळे त्या राज्याचे ऐक्य बिघडले नाही आणि मुलांचा अभ्यासही मागे पडला नाही. दिवसांची संख्या सर्वांना सारखी असावी; ते दिवस कोणते, हे ज्या त्या जिल्ह्याच्या हवेने ठरवावे.

या कामात शाळेतील मुलेही हातभार लावू शकतात. वर्गाच्या भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा आणि मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी सात, दहा व शाळा सुटण्याच्या वेळी त्यावरील आकडा एका वहीत टिपून ठेवावा. वर्गात किती मुले हजर होती, किती जणांना चक्कर आली किंवा डोके दुखले, हेही त्याच ओळीत लिहावे. सोनेगावच्या वेधशाळेतील आकडा शहराचा असतो. या वहीतील आकडा त्या वर्गाचा असेल. पुढच्या वर्षी वेळापत्रकावर पुन्हा वाद झाला, तर मुख्याध्यापकांना ती वही शिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल.

अभ्यास

१. हिमाचल प्रदेशातील शाळांच्या सुट्या दोन प्रकारच्या का असतात?
२. घाम येतो तो मुंबईतही आणि नागपुरातही. मग कूलर नागपुरातच चांगला का चालतो?
३. 'सुटी ही सर्वांना सारखीच गोड नसते', असे पाठात म्हटले आहे. त्याची पाठातील दोन कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावी शाळेला मोठी सुटी कोणत्या महिन्यांत असावी? कारणांसह दहा ओळी लिहा, आणि वर्गात विरुद्ध मत असलेल्या मित्राला त्यावर उत्तर लिहावयास सांगा.